डाव्या दिव्याची काच

माझ्या मुलीचा एकच फोटो होता आणि तो पाहायला यंत्र लागायचं.

तो कागदावरचा फोटो नव्हता. पुठ्ठ्याच्या लांबट पट्टीत फिल्मचे दोन तुकडे बसवलेले होते, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. दोन्हींत तीच मुलगी, तीच जागा. नखाएवढी. खिडकीशी धरली तर फ्रॉकचा रंग कळायचा, चेहरा कळायचा नाही. पण मामाजींच्या यंत्रात ती पट्टी सरकवली आणि डोळ्यांवर राखाडी चष्मा लावला की ती पडद्यातून बाहेर यायची. दुकानाच्या मोठ्या तराजूच्या पारड्यात बसलेली, हात पुढे केलेला, हातात गुळाचा खडा. कुणाला तरी देते आहे. तो हात पडद्याच्या पुढे, हवेत यायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खरंच हात पुढे केला होता आणि सगळे हसले होते.

मामाजी म्हणजे माझे सासरे. समुद्रपूर तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. मामाजींना एकच शौक होता. नागपूरच्या एका फोटोग्राफरनं धंदा बंद केला तेव्हा त्यांनी त्याचा दोन भिंगांचा कॅमेरा आणि फोटो दाखवायचं ते यंत्र घरी आणलं. लोखंडी, राखाडी, उचलायला दोन माणसं. त्यात दोन बल्ब, दोन भिंगं, खाली पंखा. पांढऱ्या भिंतीवर त्याचे फोटो नीट दिसत नाहीत, दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळून जातात. म्हणून मामाजींनी प्लायवूडला शटरला लावतात तो चांदीचा रंग दिला होता. तो आमचा पडदा. चष्मे पुठ्ठ्याचे होते. तुटले की मी खळ लावून चिकटवायची.

यंत्राचं काम मामाजींनी मलाच शिकवलं. त्यांचे हात तेव्हाच थरथरायला लागले होते. माझ्या नवऱ्याला दुकानाशिवाय कशात रस नव्हता आणि मोठ्या जाऊबाईंना काळ्या तेलात हात घालायचा नव्हता. मी कुणाशी फारशी बोलत नसे. मामाजी म्हणायचे, "जे माणूस बोलत नाई, त्याच्या हाती काच द्यावं." तर त्यांनी मला शिकवलं. बल्बला बोट लावायचं नाही, फडक्यानं धरायचा. आधी पंखा, मग दिवा. बंद करताना आधी दिवा, आणि पंखा अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत चालू ठेवायचा. आणि प्रत्येक बल्बच्या पुढे, फिल्मच्या आधी, एक जाड हिरवट काच असते, ती पुसून परत चौकटीत बसवायची. एकदा त्यांनी माझा हात काचेच्या पुढे धरला आणि मग काचेच्या मागे. पुढे ऊब होती. मागे धरवेना.

"पाह्यलं? हे काच नसलं ना, तर फोटो पापडासारखा भाजून निघंल."

एवढं सोपं होतं ते. चौथी शिकलेल्या बाईला कळलं.

मुलगी पाच वर्षांची असताना गेली. ताप होता. मी तिसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हटलं, आत्याबाई, हिला वर्ध्याला नेऊ. त्या गूळ फोडत होत्या. म्हणाल्या, "पोरीच्या जातीले काय होते? उद्या बाजार हाय, दुकानात माणूस लागते. शुक्रवारी नेजो." गुरुवारचा बाजार झाला. मी दिवसभर साखरेच्या पुड्या बांधल्या आणि मधूनमधून आत जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवला. शुक्रवारी पहिल्या बसनं निघालो. वर्धा यायच्या आधीच ती माझ्या मांडीवर थंड झाली. कंडक्टरला कळलं नाही. त्यानं विचारलं, "झोपली का?" मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्यानं वाटेत उतरवलं असतं.

लहान मुलाचा फोटो आमच्याकडे भिंतीला लावत नाहीत, हार घालत नाहीत. मोठ्यांचा लावतात. पुढे सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचा लागला. मुलीचं काही राहिलं नाही. तिचे कपडे जाऊबाईंनी कुणाला तरी देऊन टाकले, मला विचारलंही नाही. राहिली ती पट्टी. दिवाळीच्या पाडव्याला मामाजी यंत्र लावायचे, तेव्हा मला ती वर्षातून एकदा दिसायची. मामाजी माझ्याकडे न बघता इतरांपेक्षा ती पट्टी जरा जास्त वेळ ठेवायचे.

मग एका पाडव्याला एक बल्ब गेला आणि महिन्याभरानं दुसरा. नागपूरला विचारलं तर ते बल्ब आता कुठेच बनत नाहीत म्हणाले. यंत्र गोदामात गेलं. अकरा वर्षं ते गोणपाटाखाली होतं. अकरा वर्षं मी नखाएवढी मुलगी खिडकीशी धरून पाहत होते. हळूहळू मला तिचं नाक कसं होतं ते सांगता येईना.

मामाजींना ऐंशी वर्षं आणि आठ महिने पूर्ण झाले. माणूस एवढं जगला की त्यानं हजार चंद्र पाहिले असं धरतात आणि सोहळा करतात. घरात ठरलं की मोठा कार्यक्रम करायचा आणि त्या दिवशी मामाजींचे फोटो सगळ्या पाहुण्यांना दाखवायचे. जाऊबाईंचा जावई नागपूरला इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "दिव्याचं माझ्याकडे लागलं. जुने बल्ब विसरा, मी हॅलोजन बसवतो. डबल उजेड पडेल."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो आला आणि त्यानं गोदामात यंत्र उघडलं. मी चहा घेऊन गेले आणि कप ठेवून उभी राहिले. त्याचे हात चांगले चालत होते, ते मी नाकारत नाही. जुने होल्डर काढले, नवीन बसवले, वायर ताणून बांधल्या. दिवे लावून पाहिले. चांदीचा पडदा असा उजळला की गोदामातल्या साबणाच्या वड्यांवरची अक्षरं वाचता आली. मला रडू येत होतं. उद्या ती दिसणार होती. नाक, भुवया, सगळं.

मग तो म्हणाला, "अजून उजेड वाढेल," आणि त्यानं डाव्या बल्बपुढची हिरवी काच काढली. उजवीकडची गंजानं चौकटीत घट्ट बसली होती, निघेना. "जाऊ दे, हिला कार्यक्रम झाल्यावर तोडून काढू," असं स्वतःशीच म्हणाला. डावीकडची काच त्यानं माझ्या ट्रेमध्ये ठेवली, रिकाम्या कपाशेजारी.

जावयाला चूक दाखवायची नसते. आमच्या घरात जावई पाटावरून उठेपर्यंत कुणी हात धूत नाही. त्याच्या ताटात मीठ कमी पडलं तरी तोच मागेल तेव्हा वाढायचं. मी काच घेऊन स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई पुरण वाटत होत्या, चारपाच पाहुण्या बायका बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ वाकून हळूच म्हटलं, "ताई, जवाईबापूंनी दिव्यापुढची काच काढली. ती लागते. नाही तर फोटो जळतील."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हाक मारली, "अहो जवाईबापू, या इकडे! आमची लहानी इंजिनिअर झाली. चौथी पास इंजिनिअर! तुमचं काम चुकलं म्हंते!"

बायका हसल्या. जावई दारात आला. तोही हसत होता, वाईट माणूस नाही तो.

"काय झालं काकू?"

मी काच पुढे केली.

"ही? ही उजेड खाते काकू. जुन्या काळातली गोष्ट होती. तुम्ही ठेवा, पापडाच्या डब्यावर झाकण होईल."

"पाह्य वं लहाने," जाऊबाई म्हणाल्या, "सोन्यासारखं झाकण भेटलं तुले."

सगळ्या खो खो हसल्या. माझा नवरा मागच्या दारात गव्हाचं पोतं उतरवून घेत होता. आत येऊन म्हणाला, "तू काऊन मधात बोलते? जवाई हाय तो." मग तोही हसला, पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून.

दुपारभर मला तेच नाव पडलं. इंजिनिअर, पाणी आण. इंजिनिअर, वड्याचं पीठ भिजलं का पाह्य.

मी काच धुतली. मऊ फडक्यानं पुसली आणि फडक्यातच गुंडाळून माझ्या पेटीत ठेवली. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला नीट आठवतं. फोटोंच्या लाकडी पेटीत चाळीस खाचा आहेत आणि त्यांचा क्रम मामाजींनी कधी बदलला नाही. पहिला फोटो नेहमी सासूबाईंचा. गिरडच्या टेकडीवर, दर्ग्याच्या पायऱ्यांखाली उभ्या, हातात तिथले गोल दगड, पदर वाऱ्यानं उडालेला. माझ्या मुलीचा एकविसावा. म्हणजे उद्या सगळ्या गावापुढे आधी सासूबाई भाजून निघणार. जावयाचं नाक कापलं जाणार. मग यंत्र बंद होईल, सगळे घाबरतील आणि विचारतील, ती काच कुठे आहे? मी पेटीतून काढून देईन. काही बोलणार नाही, नुसती देईन. मग एकविसावा फोटो नीट दिसेल.

मला ते आवडलं. रात्री वडे तळताना मी तेच घोळवत होते. तेल उकळत होतं आणि मला सासूबाईंचं तोंड दिसत होतं.

सकाळी मामाजींना आंघोळ घालून नवीन धोतर नेसवलं होतं. त्यांनी जावयाला आत बोलावून घेतलं आणि दार लोटून काही सांगितलं. मला वाटलं, दिव्याचंच काही असेल. तो बाहेर गेला तेव्हा मी चहा घेऊन आत गेले. मामाजींना कमी ऐकू यायचं, त्यांच्या कानाशी बोलावं लागे.

"झाला का दिवा?" त्यांनी विचारलं.

"झाला मामाजी."

"काच पुसलं?"

"पुसलं."

ते खरंच होतं. मी पुसलीच होती. मामाजी माझ्याकडे पाहून हसले आणि कपाला दोन्ही हात लावून चहा प्यायले. तेवढा वेळ मी त्यांच्यापाशी उभी होते. आणखी एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. जावयाला दुसरं कुणी नाही तरी मामाजी बोलू शकत होते.

एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, जेवणं झाली. दुपारी गोदामाचं शटर ओढून अंधार केला. गुळाचा आणि घामाचा वास. वीस चष्मे होते आणि माणसं चाळीस, म्हणून दोघांत एक वाटला. एक मी माझ्यासाठी पदरात ठेवला होता. मामाजींना पुढे खुर्चीवर बसवलं. मी मागे, तांदळाच्या पोत्यांशी उभी राहिले.

जावयानं पंखा लावला, मग दिवे. "अरे बाप्पा!" असं सगळे म्हणाले, एवढा उजेड. मग त्यानं पट्टी सरकवली.

चष्म्याशिवाय दोन चित्रं एकमेकांवर पडलेली दिसतात, काही उमजत नाही. मी सावकाश चष्मा लावला. सासूबाई पाहायच्या म्हणून.

ती होती.

पारड्यात बसलेली. हात पुढे, गुळाचा खडा. नाक माझ्या आईसारखं, हे मी विसरले होते. एका वेणीला लाल फीत आणि एका वेणीला पांढरी, कारण त्या दिवशी दुसरी लाल सापडत नव्हती आणि ती त्यासाठी रडली होती. हे मी पार विसरून गेले होते. एका पायात चप्पल नव्हती. ती बोलणार होती. अकरा वर्षांनंतर ती एवढी मोठी, एवढी जवळ, पडद्याच्या आणि माझ्या मध्ये हात काढून.

मी "बंद करा" म्हणायला तोंड उघडलं होतं. वेळ होता. पाच आकडे मोजता येतील एवढा. पण मी पाहत राहिले. मला वाटलं, आणखी एकदा फक्त नाक पाहते. मग ओरडते.

चित्र एकदम धुरकट झालं. फिल्म तापून फुगली होती. जावयाला वाटलं भिंग हललं, त्यानं ते फिरवून परत नीट केलं. पुन्हा ती स्वच्छ दिसली. मग तिच्या हाताला, गुळाच्या खड्याजवळ, एक तपकिरी ठिपका आला. तो उकळायला लागला. हात गेला, मग दंड, मग फ्रॉक, आणि फोड वर सरकत सरकत गालाला लागला. पुढच्या पोरांना वाटलं ही गंमतच आहे, पोरं हसली. कुणीतरी शिट्टी मारली.

"काय होऊन राह्यलं वं ते पोट्टीले?" जाऊबाईंचा आवाज आला.

मी डावा डोळा मिटला. ती तशीच होती. पूर्ण. उजव्या डोळ्याला ती अजून हसत गूळ देत होती. डोळा उघडला की चेहऱ्यावर फोड. मिटला की चांगली. मी मिटला, उघडला, मिटला. तेवढ्यात जावयानं वायर ओढून काढली आणि अंधार झाला. जळक्या नखासारखा वास सुटला होता.

शटर वर केलं. जावई घामाघूम झाला होता. पट्टी न बघताच माझ्या हातात देत म्हणाला, "फिल्म जुनी होती, सडलेली. नवीन असती तर काही झालं नसतं." सगळ्यांनी माना हलवल्या. जावई म्हणाला म्हणजे सडलेलीच.

जाऊबाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं खांद्यावर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, "जुनं होतं, जाणारच होतं. बरं झालं बाई, आत्याबाईचा नाई गेला."

मग त्यांनी पाहुण्यांसाठी चहा ठेवायला सांगितलं आणि मी ठेवला.

मामाजींना आत नेलं होतं. मी कप घेऊन गेले तर त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढे.

"म्याच सांगितलं होतं त्याले. सकाळी. म्हटलं, पहिले पोट्टीचा लावजो, तिची माय अकरा वर्षं वाट पाह्यते. तुले खूस करायचं होतं. म्याच जाळली तिले."

मी कप खाली ठेवला.

"काच तर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"होतं मामाजी," मी कानाशी म्हटलं. "काच होतं. फिल्म सडली होती."

असं का म्हटलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मंग तू चूप काऊन राह्यली? आणि त्याचं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. मला वाटलं होतं, तुमच्या बायकोचा फोटो जळणार आहे. हे हात जोडलेल्या माणसाला कसं सांगायचं? पण तेवढंच नव्हतं. त्या गुरुवारी मामाजीही घरातच होते. पोरीचा ताप त्यांनाही माहीत होता. ते गल्ल्यावर बसले होते आणि बायकोपुढे एक शब्द बोलले नव्हते. माझ्या मनात आलं, आता काही दिवस तुम्हीही धरा हे.

आणि त्यांनी धरलं. पुढे सात महिने ते जगले. जो कुणी भेटायला येई त्याला हेच सांगत. वैद्य आला, पुजारी आला, दूधवाला आला. "म्या माह्या नातीचा फोटो जाळला." लोक म्हणत, असू द्या बाबाजी, वय झालं. ते मान हलवत, नाई, म्याच. मी त्या लोकांना चहा द्यायची, कप उचलायची आणि आत जायची. दर वेळी सांगता आलं असतं. एकदाही सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत ते बोलायचे थांबले, फक्त मी खोलीत आले की हात जोडायचे. मी त्यांचे हात सोडवून पांघरुणाखाली ठेवायची.

त्यांच्या वर्षश्राद्धाला जावई पुन्हा आला. या वेळी त्यानं एलईडीचे दिवे आणले होते. "हे थंड असतात काकू," तो मला मुद्दाम सांगायला आला. मान खाली होती. "यांना कसली काच लागत नाही. त्या वेळचं मला वाईट वाटतं. तिची पट्टी आहे का तुमच्याकडे? उजवीकडचं चित्र वाचलं असेल कदाचित. एक तरी लावू."

उजवीकडचं चित्र वाचलं आहे. कडेला थोडं तांबूस झालं आहे, बस. डाव्या बाजूला करंगळी जाईल एवढं भोक. ती पट्टी त्याच्या हातात दिली असती तर त्याला एका क्षणात कळलं असतं की काच होती ती बाजू वाचली आणि नव्हती ती जळली. इंजिनिअर आहे तो. मग सगळ्यांना आठवलं असतं की मी काच पुढे केली होती. जाऊबाईंचं तोंड उतरलं असतं. आणि मग त्यांनीच विचारलं असतं की एवढं माहीत होतं तर स्वतःच्या पोरीचा फोटो जळताना तू काय पाहत उभी होतीस? मामाजींना सात महिने हात काऊन जोडू दिले?

"नाही," मी म्हटलं. "पूर्ण जळला."

पट्टी तेव्हा माझ्या पेटीत होती, काचेबरोबर एकाच फडक्यात.

फोटो लागले. मी चष्मे पुसून वाटले. पहिल्या खाचेतून सासूबाई आल्या. गिरडच्या टेकडीवर उभ्या, पदर पडद्याबाहेर उडालेला, हातातले गोल दगड इतके जवळ की उचलून घ्यावेत. जाऊबाईंनी हात जोडले. माझा नवरा रडायला लागला. कुणीतरी म्हणालं, जवाईबापू, राहू द्या, काढू नका, साक्षात उभ्या हायेत.

त्यानं काढला नाही. दिवा थंड होता. सासूबाई उभ्या राहिल्या, किती तरी वेळ, आणि त्यांना काहीही झालं नाही.